कापसाच्या नॅनोकणांनी सच्छिद्र फोम टिकवायचा कसा

हा फोम म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब कापसाच्या नॅनोकणांनी टिकवायचे अन् मग सगळं वाळवायचं, थेंबांच्या जागी पोकळ्या उरतात. नागपुरात बसून नॅनोसेल्युलोजसाठी, म्हणजे सेल्युलोजच्या या अतिसूक्ष्म कणांसाठी, बाहेरून मटेरियल मागवायची गरजच नाही, जिनिंगनंतर सरकीला जो बारीक कापूस चिकटून राहते तो लिंटर, अन् तो साफ केला की जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच. नाही मिळाला तर मेडिकलमधला सर्जिकल कापूस घ्या.

पहिलं काम, म्हणजे कापसाचे नॅनोकण करणं, कॉलेजच्या लॅबमध्येच करा, घरी अजिबात नाही. ६४ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, १ ग्रॅम कापसाला १० ते २० मिली, ४५ डिग्रीला पाऊण ते एक तास हलवत ठेवा. ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४५ च्या आसपास जाते, त्यामुळे एसी रूम बघा, तापमान वर गेलं की मिश्रण पिवळं-तपकिरी पडते. मग मिश्रण दहापट गार पाण्यात हळूहळू ओतून थांबवा, सेंट्रिफ्यूज (वेगानं फिरवून कण खाली बसवा), डायलिसिस (पातळ पडद्याच्या पिशवीतून उरलेलं ॲसिड काढा), शेवटी बर्फावर ठेवून सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण सुटे करणारं यंत्र).

आता खरी गंमत, अन् इथेच बहुतेकांचं काम अडते. ॲसिडमुळे कणांवर सल्फेटचा निगेटिव्ह चार्ज बसते, मग ते एकमेकांना ढकलतात अन् तेल-पाण्याच्या सीमेवर दाटीनं बसतच नाहीत. त्यासाठी फक्त साधं मीठ लागते, १०० मिली पाण्याला सुमारे ०.३ ग्रॅम. चार्ज झाकला जाते, कण थेंबाभोवती कवच करतात, आणि एकदा बसलेला कण साबणाच्या रेणूसारखा ये-जा करत नाही. अशा कणांनी टिकवलेल्या तेल-पाण्याच्या मिश्रणाला पिकरिंग इमल्शन म्हणतात, पिकरिंग यांचा पेपर १९०७ चा. मीठ खूप जास्त झालं तर कणांचे गठ्ठे होतात, म्हणून मोजूनच टाका.

अर्धा ते एक टक्का कणांचं पाणी घ्या, आधी थोडं सायक्लोहेक्झेन (हे सॉल्व्हंटच इथे आपलं तेल) टाकून फिरवा, मग बाकीचं हळूहळू वाढवत न्या, एकदम ओतलं तर फुटते. हूडखालीच (लॅबमधलं वाफ ओढून घेणारं कपाट) करा, ज्वालाग्राही आहे. दुसऱ्या दिवशी वर मोकळ्या सॉल्व्हंटचा थर दिसला नाही म्हणजे जमलं.

वाळवताना उन्हात ठेवायचा मोह टाळा, पाणी उडताना आतल्या भिंती ओढल्या जातात अन् फोम आकसते. फ्रीझ ड्राय करा, म्हणजे गोठवून व्हॅक्यूममध्ये वाळवा, सायक्लोहेक्झेनही सोबतच निघून जाते. हा फोम पाण्यात विरघळल्यासारखा सुटते, ओल्यात वापरायचा असेल तर क्रॉसलिंक करावाच लागेल, म्हणजे कण रासायनिक बंधांनी एकमेकांना जोडावे लागतील, आणि पावसाळ्यात तुकडे सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा.