लाडका टी-शर्ट आणखी काही वर्षं चालवायचा, तर

जुना टी-शर्ट मऊ लागतो तो झिजल्यामुळे. दर धुण्यात सुताचे थोडे तंतू झडतात आणि कापड पातळ, लुसलुशीत होत जातं. ज्या गुणापायी तो अंगातून काढवत नाही, तोच त्याला संपवत असतो. ही झीज थांबत नाही, पण तिचा वेग कमी करता येतो.

घरातल्या कुणी तो फडक्यांच्या ढिगात टाकायच्या आत उजेडासमोर धरून पाहा. पोट, काखा आणि खांद्याची शिवण आधी बघा. जिथे जाळी दिसते तिथे नुसता टाका धरणार नाही, सुई टोचली की शेजारचं कापड उसवेल. तिथे आतून ठिगळच हवं.

पोटावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली की कसरीला दोष दिला जातो. भोकं फक्त पुढच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर असतील तर दोषी बहुधा जीन्सचं बटण किंवा पट्ट्याचं बकल. ओट्याला टेकून उभं राहिलं की कापड धातू आणि ओट्याची कड यांच्यात भरडलं जातं.

हे भोक तांदळाच्या दाण्याहून लहान असतानाच, आणि पुढच्या धुण्याआधी बुजवा. टी-शर्टचं कापड कडीत कडी गुंतवून विणलेलं असतं. एक कडी तुटली की ताण पडेल तशा वरच्या सुटत जातात. साधी टोकदार सुई तर स्वतःच कड्या तोडते, म्हणून गोलसर टोकाची बारीक बॉलपॉइंट सुई घ्या. दोरा पॉलिएस्टरचा, बारीक आणि एकेरी. टी-शर्ट उलटा करा, भोकापासून तीन-चार मिलिमीटर अलीकडे सुरुवात करा आणि काठावरच्या सुट्या कड्या एकेक करून सुईवर घेत गोल फिरा. मग दोरा हलकेच ओढा. भोक मिटलं की थांबा, आणखी ओढलात तर चुणी पडते. गाठ मारू नका, ती अंगाला टोचते. त्याऐवजी जागच्या जागी दोन-तीन बारीक टाके घाला. वरून, म्हणजे आतल्या बाजूने, ताणलं जाणारं पातळ फ्यूजिंग (इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारं अस्तर) चिकटवा. ते भोकाच्या चहूबाजूंनी सेंटिमीटरभर मोठं आणि कोपरे गोल कापलेलं असावं, टोकदार कोपरे धुण्यात उचकटतात. इस्त्री फिरवायची नाही, दाबून धरायची.

भोक पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तर ठिगळ दुसऱ्या जुन्या टी-शर्टचं लावा. कोरं, जाड कापड लावलं तर ते शाबूत राहतं आणि त्याच्या कडेने मूळ कापड फाटतं. ठिगळ सगळीकडून दीड सेंटिमीटर मोठं ठेवा. दोन्ही कापडं ज्या दिशेला जास्त ताणली जातात (बहुधा आडवी) ती दिशा जुळवून घ्या. कडा दुमडायची गरज नाही, या कापडाचे दशा-धागे निघत नाहीत. धावदोरा सैल घाला, घट्ट घातलेला टाका टी-शर्ट डोक्यातून काढताना तटकन तुटतो.

गळा लोंबतो तो बहुतेक वेळा हँगरमुळे. हँगर खालच्या बाजूने आत घाला. त्याहून चांगलं म्हणजे घडी घाला. ओल्या गळ्याला हाताने आकार देऊन सपाट वाळवला तर थोडा आवळतो, पण रिबमधलं, म्हणजे गळ्याच्या ताणल्या जाणाऱ्या पट्टीतलं, लवचिक सूत गेलं असेल तर पट्टी बदलण्याला पर्याय नाही. नवी पट्टी गळ्याच्या घेराच्या 80 ते 85 टक्के लांब घ्यावी, शिवाय शिवणीची जागा वेगळी, आणि शिवताना पट्टी ताणावी, टी-शर्ट नव्हे.

काखेतले पिवळे, कडक डाग घाम आणि घामरोधकातलं ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाचे असतात. क्लोरीनच्या ब्लीचने ते आणखी पिवळे पडू शकतात. कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच पाकिटावरच्या प्रमाणात विरघळवून फक्त काखा तासभर भिजवा. रंगीत टी-शर्टवर आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहा. व्हिनेगर वापरणार असाल तर क्लोरीनच्या ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

धुताना उलटा करा, गार पाणी, कमी वेळ, आणि चेन किंवा हुक असलेल्या कपड्यांपासून दूर. पिळू नका. वाळत घालताना उलटाच, सावलीत. छापील चित्रावर थेट इस्त्री नको, रंग वितळून चिकटतो.

कापड सगळीकडूनच जाळीदार झालं तर रफूची मेहनत वाया जाते. चित्र वाचवायचं असेल तर ते कापायच्या आधीच मागून फ्यूजिंग लावा, नंतर कडा वळून गुंडाळी होते. कापताना चित्राभोवती तीन सेंटिमीटर कापड सोडा, उशीच्या अभ्र्यावर शिवायला तेवढं लागतं.