मिठाच्या पुड्यावर तारीख लिहा: रक्तदाब आणि मधुमेह घराबाहेर ठेवण्यासाठी

मिठाचा नवा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घाला. तेलाच्या कॅनवर आणि साखरेच्या पिशवीवरही घाला. रक्तदाब, मधुमेह टाळायचा तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. ताटात काय किती आलं हे कुणाच्या लक्षात राहत नाही, पण दुकानातून महिन्याला किती आलं ते नेमकं मोजता येतं.

आता हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर. चार माणसांच्या घरात १ किलोचा पुडा किमान ५० दिवस पुरायला हवा. महिनाही पुरत नसेल, तर मीठ जास्त जातंय. पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठ वेगळंच, त्यामुळे पुडा ५० दिवसांपेक्षाही जास्त चालला तर उत्तम. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर, आणि साखर-गूळ मिळून पाऊण किलोच्या आत.

गुळाबद्दल थोडं सांगायलाच हवं. आपला बेळगावचा भाग उसाचा, त्यामुळे गूळ घरचाच वाटतो आणि चहात बिनधास्त पडतो. पण रक्तातली साखर गुळानेही वाढते. कुंदा, करदंट, मांडे सणासुदीला जरूर खा, प्रमाणात खा. खरी भर रोजच्या चहातून पडते. पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे तिथेच ४० ग्रॅम झाली. आधी चमचे कमी करा, मग कप.

मीठ एकदम तोडू नका. आमटीत दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी करा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते आणि पूर्वीचंच जेवण खारट लागायला लागतं. ताटात वरून मीठ वाढणं बंद करा. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात सुकी मासळी होते, ती दोन पाण्यांत भिजवून पाणी फेकून द्या. ‘कमी सोडियम’चं मीठ मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

ताट वाढताना अर्धं ताट भाजी, कोशिंबीर, पालेभाजीने भरा. पाव भागात मसूर, मटकी, अंडं किंवा मासा. उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. भाताच्या गावात हे जड जातं, मला ठाऊक आहे. म्हणून भात शेवटी वाढा, आधी भाजी-उसळ पोटात जाऊ द्या.

तंबाखूबद्दल मी हात जोडून सांगते. निपाणीचा पट्टा तंबाखूचा, घराघरात त्यावर पोट चालतं. पण पिकवणं वेगळं आणि तोंडात धरणं वेगळं. मिश्री लावणाऱ्या आया-आज्ज्या तिला दात घासणं समजतात, पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. गरोदरपणात ती बाळालाही बाधते. सोडायची तर एक दिवस ठरवा, डबी घरातून काढा, पहिले काही दिवस तलफ आली की बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका, पाणी प्या. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सोडण्यासाठी मदत मिळते. दर महिन्याला आरशासमोर तोंड उघडून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर तपासायला जा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. बेळगावात असाल तर व्हॅक्सिन डेपोची झाडी आहेच. पावसाच्या झडीत घरातच चाला.

तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते, गावातल्या आशाताईंना विचारा. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आला, तर डॉक्टरांकडे जा. उपाशीपोटी साखर १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ हा इशारा, आणि १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून खात्री करायची. कंबर बेंबीच्या पातळीवर मोजा: पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटर, याच्या आत असावी.

हे सगळे आकडे एका वहीत तारखेसह लिहा, मराठीत लिहा, म्हणजे आजीलाही वाचता येतील. आपली माणसं उपचाराला कधी बेळगावला, कधी कोल्हापूरला, कधी गोव्याला जातात. वही बरोबर असली तर डॉक्टर नवा असला तरी मागचं सगळं त्याच्यासमोर येतं. शेवटच्या पानावर चालू गोळ्यांची नावं ठेवा, आणि आकडा चांगला आला म्हणून त्यातली एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.