ई-कचऱ्याच्या कामात येताय? ज्याला भाव नाही तो माल आधी बघा

या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं पहिला प्रश्न सोन्याचा विचारतात. मदरबोर्डवर सोनं असतं, पण नुसता मुलामा. सुरुवातीला तुमची गाठ पडेल ती स्क्रू, धूळ आणि वजनकाट्याशी. डिस्मँटलिंग युनिटमध्ये, म्हणजे जुनी उपकरणं सुटी करण्याच्या कारखान्यात, इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं की युनिटची खरी परीक्षा सोन्यात नाही, ज्याला गिऱ्हाईक नाही त्या मालात आहे.

जुना डब्यासारखा टीव्ही घ्या. कॉइलमधलं तांबं हातोहात खपतं. मागे उरते पिक्चर ट्यूब. तिच्या मागच्या निमुळत्या काचेत शिसं, पडद्याच्या आतून फॉस्फरची पूड. ही काच फुकटही कुणी नेत नाही. उलट विल्हेवाटीचे पैसे आपणच मोजायचे. जुन्या एलसीडीच्या कडेला पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात. घाईत उचकटल्या की फुटतात आणि पाऱ्याची वाफ थेट नाकात.

भंगारवाला आपल्यापेक्षा जास्त भाव देतो, कारण हा खर्च त्याच्या हिशेबातच नसतो. तांब्यासाठी वायर जाळली की पीव्हीसीतून डायॉक्सिन निघतं. बोर्ड आम्लात बुडवले की ते पाणी गटारात. तरी त्याला शिव्या देऊन भागत नाही. घरोघरचा माल गोळा करतो तोच. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद जेमतेम 22.3 टक्क्यांची.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. उत्पादकाने नोंदणीकृत रिसायकलरकडून ईपीआर (म्हणजे विकलेल्या मालाच्या कचऱ्याची उत्पादकाची जबाबदारी) प्रमाणपत्रं घ्यायची. ती मिळतात कचऱ्यातून परत काढलेलं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांवर. शिशाच्या काचेवर नाही! मग तिची काळजी कोण करणार, हे तुम्हीच ताडा.

म्हणून मुलाखतीला गेलात की काच आणि बॅटऱ्यांची खोली दाखवा म्हणावं. धोकादायक कचरा तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रात गेल्याचे मॅनिफेस्ट, म्हणजे माल पाठवल्याची नोंदपत्रं, मागावेत. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे अर्ज करा. आणि रुजू झाल्यावर फुगलेली लिथियम बॅटरी दिसली तर ती दाबू नका, टोचू नका. टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवा आणि सुपरवायझरला हाक मारा.