‘मुळे’ आधी काढा, मग इंग्रजी क्रियापद निवडा

अहवालात सारखं ‘बिकॉज’ नको म्हणून लोक ‘रिझल्ट इन’, ‘लीड टू’, ‘स्टेम फ्रॉम’ यांच्या याद्या पाठ करतात. त्याने काही साधत नाही. रबाळे एमआयडीसीत मशीन बंद पडल्याचे अहवाल मी वर्षानुवर्षं लिहिलेत. चूक याद्यांमध्ये नसते.

कारण कोणतं आणि परिणाम कोणता, ते आधी मराठीतच ठरवा.

खरी अडचण यापुढे. आपण म्हणतो, ‘पावसामुळे ट्रान्स-हार्बरच्या गाड्या रखडल्या.’ इथे पाऊस कर्ता नाही, गाड्या कर्ता आहेत. हे ‘मुळे’ डोक्यात ठेवून लिहायला बसलं की कागदावर उतरतं, ‘ड्यू टू हेवी रेन रिझल्टेड इन डिलेज’. या वाक्याला कर्ताच नाही! माझ्या अहवालांत दोन वर्षं हेच चाललं होतं आणि कुणी हटकलं नाही, कारण वाचणारेही ‘मुळे’वालेच. शेवटी बाहेरच्या एका ग्राहकाने अहवाल परत पाठवला.

म्हणून ‘मुळे’ खोडा आणि पावसालाच कर्ता करा: ‘हेवी रेन रिझल्टेड इन डिलेज.’ ‘ड्यू टू’ हवंच असेल तर ‘ट्रेन्स वेअर डिलेड ड्यू टू हेवी रेन’. दोन्ही एकत्र कधीच नकोत.

याच टप्प्यावर दुसरा खड्डा आहे. या क्रियापदांपुढे अख्खं वाक्य चालत नाही, नाम लागतं. घोडबंदर रोडच्या कोंडीने कामगार उशिरा आले, तर ‘लेड टू वर्कर्स केम लेट’ नव्हे, ‘लेड टू लेट अरायव्हल्स’. नाम सुचेना तर क्रियापद बदलू नका, नाम शोधा.

‘रिझल्ट इन’पुढे परिणाम येतो, ‘रिझल्ट फ्रॉम’ आणि ‘स्टेम फ्रॉम’पुढे कारण. ‘वॉज रिझल्टेड’ असं काही नसतं. ‘वॉज कॉज्ड बाय’ लिहा. ‘लीड’च्या भूतकाळाच्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ नाही.

‘कॉज’ बहुधा वाईट गोष्टींसाठी वापरतात. सुधारणा झाली तर ‘लेड टू’ बरं. आणि कारणं अनेक असतील तर ‘कॉन्ट्रिब्यूटेड टू’च लिहा, यावर मी अडून बसतो. बेअरिंग झिजलेलं, ऑइल कमी, त्यात रात्रपाळीच्या ऑपरेटरने अलार्मकडे उशिरा पाहिलं. तिथे त्याच्या उशिरापुढे ‘कॉज्ड’ लिहिलंत, तर सगळा दोष त्या एकट्याच्या नावावर चढतो.