भाचरं गावी येण्याआधी शेततळ्यावर करायची कामं

परीक्षा संपल्या की मुंबई-पुण्याची भाचरं वस्तीवर येतात. घरात कुरडया-पापडांची लगबग असते, पण त्याच्याही आधी शेततळ्याकडे एक चक्कर मारा. विहिरीला निदान कपारी असतात, बोटं अडकतात. शेततळ्यात अंथरलेल्या 500 मायक्रॉनच्या प्लास्टिकच्या कागदावर काहीच धरता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात फुटव्हॉल्व्ह (मोटारीच्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) बघायला मी कडेला उतरलो आणि घसरलो. मला चांगलं पोहता येतं. पण पाण्याच्या रेषेवर शेवाळ धरलेलं. तळहात टेकवला की सरकायचा, गुडघा टेकवला की तोही सरकायचा. मोटारीचा पाइप हाताशी आला म्हणून वर आलो. दहा वर्षांच्या पोराला हे जमणार नाही.

म्हणून पहिलं काम दोराचं. चारही बाजूंना जाड नायलॉनचा दोर सोडा, हात-हातभर अंतरावर गाठी मारा, वरचं टोक बांधावर खोल ठोकलेल्या खुंटीला बांधा. दोर तळापर्यंत पोचू द्या, कारण मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं आणि आखूड दोर वरच लोंबकळत राहतो. ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब हवा भरून, दोर बांधून कुंपणाला अडकवा; उन्हाने हवा जाते, दर आठवड्याला दाबून बघा. शेजारी लांब बांबू ठेवा. जाळीखाली कुत्र्यांनी उकरलेली जागा दगडांनी बुजवा, तिथून पोर सहज आत जातं. फाटकाला कुलूप लावाच.

रांगणारं बाळ असेल तर हौदावर झाकण हवं, न्हाणीतली बादली पालथी हवी.

पोरांना जवळ बसवून सांगा: कोणी पडलं तर त्याच्या मागोमाग पाण्यात उडी मारायची नाही, ट्यूब फेकायची आणि मोठ्यांना ओरडून बोलवायचं. भावाला काढायला गेलेला भाऊही बुडतो. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, त्यामुळे आवाजाच्या भरवशावर राहू नका. पाण्याजवळ पोरं असतील तेव्हा एका मोठ्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवून तिथेच बसायचं.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून फिरवू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर 30 दाब आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत. हे आत्ताच कोणा जाणकाराकडून हाताने शिकून घ्या. एकजण श्वास आणि दाब देत असताना दुसऱ्याने रुग्णवाहिकेसाठी 108 लावायचा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

आणि वस्तीचा पत्ता, म्हणजे कोणता फाटा, विजेच्या कोणत्या डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) वळायचं, हे मोठ्या अक्षरात लिहून ओसरीच्या भिंतीवर चिकटवा. फोनवर घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा रस्ता सांगता येत नाही.