वाचलेल्या कादंबरीविषयी प्रामाणिकपणे कसे लिहावे

कादंबरी वाचून संपली की दोन दिवस तिच्याविषयी कोणाशी बोलू नये. आधी वहीत लिहावे. मलपृष्ठावरील मजकूर आणि वाचनालयाच्या टेबलापाशी कानावर पडलेली मते एकदा डोक्यात शिरली की आपले कोणते आणि उसने कोणते, हे निवडता येत नाही.

वाचनालयाच्या प्रतीवर खुणा करू नयेत, म्हणून पानांत चिठ्ठी ठेवून तिच्यावर पृष्ठक्रमांक आणि एखादा शब्द टिपावा: हसू आले, पुन्हा वाचले, पाने चाळली. यांतील शेवटची नोंद सर्वांत मोलाची असते. ‘कंटाळवाणी’ हा शेरा कोणाच्याच उपयोगाचा नाही. परंतु ‘नायिका सासर सोडते तेथपर्यंत एका बैठकीत आलो, पुढच्या वकिलाच्या कचेरीतील तीस पानांना मात्र चार रात्री लागल्या’ असे लिहिले की पुस्तकाची बांधणीही कळते आणि लिहिणाऱ्याचा स्वभावही. त्या चारांपैकी दोन रात्री वीज नसेल, तर तेही लिहावे. कथानक तीन-चार वाक्यांत आटोपावे. शेवट सांगू नये.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील वाचकापुढे आणखी एक अडचण असते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून येथे मराठी पुस्तक विकत घेणे म्हणजे भाषेशी इमान राखणे असे अनेकांना वाटत आले आहे, त्यामुळे पुस्तकाला नावे ठेवताना जीभ अडखळते. एका गावच्या साहित्य संमेलनात मी सीमाभागावरील एका कादंबरीची तोंडभरून स्तुती केली. कार्यक्रम संपल्यावर पुढच्या रांगेतील एक आजी म्हणाल्या, “गावाचं नाव आलं म्हणून तुम्हाला आवडलं ते कळलं, खरं गोष्ट काय होती?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून डाव्या पानावर मी जिव्हाळ्याच्या गोष्टी लिहितो आणि उजव्या पानावर गावांची नावे काढून टाकली तरी जे टिकेल तेवढेच. उजवे पान पुष्कळदा रिकामे राहते.

संवाद मोठ्याने वाचून पाहावेत. आमच्याकडे ‘पण’च्या जागी ‘खरं’ येते, जसे त्या आजींच्या बोलण्यात आले. लेखकाने ते नेमक्या जागी ठेवले असेल तर त्याने ही बोली कानांनी ऐकली आहे, आणि वाक्यावाक्यांत पेरले असेल तर ती केवळ सजावट आहे, असे निःसंकोच लिहावे.

अनुवादित कादंबरीच्या बाबतीत आपल्याकडील वाचक भाग्यवान म्हटला पाहिजे. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी कन्नड लेखक एस. एल. भैरप्पा यांच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि येथील कितीतरी मराठी वाचकांना शाळेमुळे कन्नडही वाचता येते. अशा वेळी खटकलेला परिच्छेद मूळ पुस्तकाशी ताडून पाहावा, म्हणजे मूळ लेखकाच्या पदरचे अनुवादकाच्या माथी किंवा त्याउलट मारले जाणार नाही.

पुढे मत बदलले तर जुनी नोंद खोडू नये. खाली नवी तारीख घालावी. गेल्या पावसाळ्यात पाल्हाळिक म्हणून बाजूला ठेवलेली एक कादंबरी मी दिवाळीत पुन्हा उघडली. पाल्हाळ होते तसेच होते, परंतु पूर्वी ज्याचा राग आला होता तो हेकट सासरा या वेळी ओळखीचा वाटला; वहीत आता दोन्ही नोंदी एकाखाली एक आहेत.