गादीच्या भांडणाचं नाटक कसं वाचायचं

राजगादीच्या भांडणाचं नाटक हातात घेतलं की पहिल्या दहा पानांतच नावांचा गुंता होतो आणि पुस्तक बाजूला पडतं, म्हणून आधी कागद-पेन घ्या आणि वंशावळ काढा. सुरुवातीला शेक्सपिअरचं 'किंग जॉन' घ्या, त्यात मुख्य दावेदार दोनच आहेत. वर इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, खाली त्याची मुलं रिचर्ड, जेफ्री, जॉन, याच क्रमाने. रिचर्ड 1199 मध्ये गेला, मागे औरस मूल नाही. जेफ्री त्याच्या आधीच गेलेला, पण त्याचा मुलगा आर्थर आहे. मग इंग्लंडची गादी कोणाची, धाकट्या भावाची की मधल्या भावाच्या पोराची? सगळं नाटक यावर उभं आहे.

आता वाचताना कोण जॉनला काय म्हणतो तिथे पेन्सिलने खूण करत जा. गादीवर जॉन बसलाय आणि फ्रान्सचा राजा आर्थरच्या बाजूने आहे; पहिल्याच प्रवेशात फ्रान्सचा दूत जॉनचं राजेपण उसनं आहे म्हणतो, तो गेल्यावर जॉन म्हणतो की ताबा आमचा आणि हक्कही आमचाच, आणि त्याची आई एलिनॉर लगेच त्याच्या कानात सांगते की बाबा, हक्कापेक्षा ताबाच जास्त आहे. मला ही जागा फार आवडते, दावा चारचौघांत आणि खरं काय ते कानात.

दुसरा अंक मोठ्याने वाचा, खरंच. शहराच्या तटाखाली जॉनची आणि फ्रान्सची अशा दोन्ही फौजा, दोघंही म्हणतात दार उघडा, आणि तटावरून उत्तर येतं की जो राजा ठरेल त्याचे आम्ही, तोवर दार बंद. लढाई होते, तर दोन्हीकडचे दूत येऊन आम्हीच जिंकलो म्हणतात! शेवटी लग्न जुळवून तह होतो, आर्थरचा हक्क तसाच राहतो.

युद्धाचे बारीक तपशील पहिल्या वाचनात सोडले तरी चालतं, चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश मात्र अजिबात सोडू नका. जॉनचा माणूस ह्यूबर्ट तापलेल्या सळ्या घेऊन कैदेतल्या आर्थरचे डोळे काढायला आलाय आणि ते पोर त्याला आठवण करून देतं की तुझं डोकं दुखत होतं तेव्हा मीच माझा रुमाल बांधला होता.

खरा इतिहास नंतर बघा, आधी नको. खरा आर्थर 1202 मध्ये पकडला गेला तेव्हा 15 वर्षांचा होता, आणि 1215 च्या मॅग्ना कार्टाचा, म्हणजे जॉनला मान्य करावी लागलेल्या हक्कांच्या सनदेचा, नाटकात उल्लेखच नाही. हे कळल्यावर रुमालाचा प्रवेश परत काढा आणि शेक्सपिअरने आर्थरला इतकं लहान का केलं ते बघा.